प्रकाशचित्रकाराची उमेदवारी

आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणारी बजाजची स्कूटर हे एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबाचे स्वप्न होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर ती घरी येई. त्या स्कूटरची ‘हमारा बजाज’ ही जाहिरात १९८९ साली दूरदर्शनवर झळकली, ती मुंबईच्या लिंटास या जाहिरातसंस्थेने केली होती. वस्तू पिंपरी-चिंचवडने घडवावी आणि तिची प्रतिमा मुंबईने, अशी ही श्रमविभागणी होती. ज्यांच्या छायाचित्रांनी पुढे एका पिढीला आपले लाडके चेहरे नव्याने दाखविले, ते गौतम राजाध्यक्ष याच लिंटासमध्ये नोकरीला होते.

राजाध्यक्षांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात त्या सिनेतारका, नियतकालिकांची गुळगुळीत मुखपृष्ठे आणि त्यांभोवतीचे झगमगते वलय. वस्तुतः त्यांच्या आयुष्यातील वर्षांचा हिशेब मांडला, तर वेगळेच चित्र दिसते. १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत जन्मलेल्या या गृहस्थाने सेंट झेवियर्स महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि काही काळ तेथेच अध्यापनही केले. १९७४ मध्ये ते लिंटासच्या छायाचित्र विभागात दाखल झाले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम अशा कलावंतांची छायाचित्रे त्यांनी टिपली, त्यांचा बोलबालाही झाला. तथापि त्या पहिल्या यशाने हुरळून जाऊन त्यांनी राजीनामा दिला नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ व्यावसायिक छायाचित्रकार होण्याचा निर्णय त्यांनी १९८७ मध्ये घेतला. म्हणजे तेरा वर्षांची नोकरी, आणि त्यातली अखेरची सात वर्षे दुहेरी कष्टाची. कारखान्यांच्या परिभाषेत सांगायचे, तर ही त्यांची उमेदवारीच होती.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मागोमाग वाहनांचे आणि यंत्रांचे कारखाने आले, आणि येथील घराघरांत कोणी ना कोणी उमेदवार म्हणून यंत्रापाशी उभा राहिला. हाताला वळण लागल्याशिवाय लेथवर स्वतंत्र काम मिळत नाही, हे या घरांना ठाऊक आहे. त्याच घरांतील मुलगा किंवा मुलगी आज कॅमेरा हाती घेऊन छायाचित्रकार व्हायचे म्हणते, तेव्हा आईवडिलांच्या छातीत धस्स होते. कायम नोकरीचे मोल ज्यांनी अनुभवाने जाणले, त्यांची ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु या व्यवसायात शिस्त नाही, केवळ नशीब आहे, असा जो समज त्या भीतीच्या मुळाशी आहे, तो मात्र चुकीचा आहे.

राजाध्यक्षांचे बहुतेक काम फिल्मवरचे. एका रोलवर बारा किंवा छत्तीस चित्रे, आणि रोल धुऊन येईपर्यंत आपण काय टिपले हे कळण्याची सोय नाही. प्रकाश कोठून यावा, चेहऱ्याची कोणती बाजू उजळावी, सावली किती मऊ ठेवावी, हे सारे कळ दाबण्यापूर्वी मनाशी पक्के करावे लागे. ज्याला आपण ग्लॅमर म्हणतो, ते या पूर्वतयारीचे फळ होते. समोरच्या व्यक्तीशी गप्पा मारीत तिचे अवघडलेपण घालविणे हाही त्या तयारीचाच भाग.

त्यांनी सर्वांनाच सुंदर केले, वास्तव झाकले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रीय सत्य सांगण्यासाठी नव्हतीच. पण कीर्तिवंतांचे चोरून टिपलेले अवघडलेले क्षण बाजारात विकले जात असताना, माणसाला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने त्याचे उत्तम रूप शोधणे ही लबाडी नव्हे. ते सौजन्य आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेसेस’ या त्यांच्या ग्रंथात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे एकत्र आले. दोन टोकांच्या पिढ्यांनी एकाच माणसासमोर निःशंकपणे बसावे, ही मिळकत पैशात मोजता येत नाही. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे त्यांनी केलेले संपादन आणि ‘बेखुदी’ या १९९२ च्या चित्रपटासाठी केलेले पटकथालेखन पाहिले, की या दृष्टीला शब्दांचीही जोड होती हे लक्षात येते.

१३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. त्यानंतर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला, आणि छायाचित्र काढण्याला काही मोल उरले नाही. छायाचित्र घडविण्याचे मोल मात्र त्यामुळे वाढले आहे. निगडी-भोसरीच्या एखाद्या घरात जेव्हा मुलगी कॅमेऱ्यासाठी हट्ट धरील, तेव्हा वडिलांनी तिला नकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: तेरा वर्षे उमेदवारी करण्याची तयारी आहे काय? तिचे उत्तर होकारार्थी असेल, तर ज्याने स्वतः यंत्रापाशी उभे राहून हात घडविला, त्या बापाने तरी तिला अडवू नये.