समाधान कशाचे मोजावे?

‘ग्रंथालयातील ई-साधनांविषयी आपण समाधानी आहात काय?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. ‘नॅक’ने २०१७ च्या मूल्यांकन-पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी घातली, तेव्हापासून असल्या प्रश्नावल्यांना विशेष भाव आला. विद्यार्थी चौकटीत खूण करतो, खुणांची बेरीज होते, टक्केवारी निघते आणि ती अहवालात जाऊन बसते. आमचे आयुष्य कामगारांत गेले, त्यामुळे ‘समाधानी’ हा शब्द दिसला की आम्ही जरा थबकतो. किमान वेतन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो मजूर आपल्या मजुरीवर समाधानी असतो. ते कळले की दुसऱ्याच दिवशी तो असमाधानी होतो. मजुरी मात्र तीच असते.

ही ई-साधने म्हणजे काय ते आधी पाहू. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झाले. आजचे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात व लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. संशोधनाची नियतकालिके भलतीच महाग. छापील अंक एका कपाटात राही, आणि तो नांदेडला असला तर लातूरच्या विद्यार्थ्याला एसटीचे तिकीट काढूनच वाचावा लागे. आता तो अंक प्रकाशकाच्या संगणकावर असतो. ग्रंथालय विकत घेते ती केवळ वाचण्याची परवानगी. एकट्याने घ्यायला गेले तर विकणारा म्हणेल तो भाव. म्हणून सर्वांनी मिळून सौदा करावा अशी युक्ती निघाली. युनियनवाल्यांना ती काही नवी नाही!

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली ‘इन्फ्लिबनेट’ हा ग्रंथालये जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. २००३ च्या अखेरीस विद्यापीठांसाठी सामुदायिक खरेदीची योजना सुरू झाली, २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ आली, आणि २०१५ मध्ये या योजना ‘ई-शोधसिंधू’त एकत्र आल्या. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली : २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके.

आकडे मोठे आहेत. पण कराराची कलमे वाचल्याखेरीज टाळी वाजवू नये, ही आमची जुनी खोड. ही मंजुरी केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी दिलेली आहे. आमच्या भागातली बहुतेक महाविद्यालये लोकांनी वर्गण्या काढून, शिक्षणसंस्था स्थापून उभी केलेली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद १९६१ चे. तेथे अनुदान सरकारचे आणि व्यवस्थापन संस्थेचे. तेव्हा अशा महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या वाट्याला मुख्यत्वे ‘एन-लिस्ट’ येते. पदवी एकाच विद्यापीठाची; पण विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्यापुढे एक ताट, महाविद्यालयात शिकणाऱ्यापुढे दुसरे. कायम आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर उभे करावेत, तसा हा प्रकार. दोघांच्या समाधानाची मिळून एक सरासरी काढली, तर तिच्यातून कोणाचीच स्थिती कळत नाही.

दुसरी अडचण दाराशी आहे. प्रकाशकाचा संगणक माणसाला ओळखत नाही, तो जागेला ओळखतो. विद्यापीठाच्या इंटरनेट जोडणीला एक ठरलेला क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्या पत्त्यावरून मागणी आली की लेख उघडतो. तोच विद्यार्थी सुटीत उदगीरला घरी गेला आणि मोबाईलवर तोच लेख मागू लागला, की समोर किंमत मागणारे पान येते. त्याला वाटते, आपल्या ग्रंथालयात हे नाहीच. वस्तुतः गिरणीच्या दारावर बिल्ला दाखवून आत जावे, तशी सोय येथेही आहे. ‘एन-लिस्ट’मध्ये सभासदाला स्वतंत्र नाव व पासवर्ड मिळतो, विद्यापीठांसाठी ‘इन्फेड’ नावाची ओळख पटविण्याची व्यवस्था आहे. पण बिल्ला मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायचा असतो हे सांगणारा कोणी तरी लागतो.

मग समाधान मोजावे तरी कसे? अमेरिकेतील संशोधन-ग्रंथालयांची संघटना व टेक्सास ए अँड एम विद्यापीठ यांनी २००० च्या सुमारास ‘लिबक्वाल’ नावाची रीत बसविली. तीत प्रत्येक बाबीवर १ ते ९ मध्ये तीन आकडे विचारतात : निदान किती हवे, खरे तर किती हवे, आणि प्रत्यक्षात किती मिळते. समजा, एकाने किमान ५, इष्ट ८ आणि प्रत्यक्ष ६ असे लिहिले. तो किमानापेक्षा एकाने वर आणि इच्छेपेक्षा दोनांनी खाली आहे. ‘समाधानी’ या एका खुणेत हे दोन्ही बुडून जाते. वेतनाच्या वाटाघाटीतही निर्वाहापुरते वेतन आणि न्याय्य वेतन असे दोन आकडे वेगवेगळे मांडावे लागतात. ग्रंथालयशास्त्राचे लोक आमच्याच वाटेने तेथवर पोचले, हे पाहून आम्हांला मौज वाटली.

याच पद्धतीत ‘जागा म्हणून ग्रंथालय’ हाही एक भाग आहे. लातूरकरांना तो समजावून सांगायला नको. अभ्यासिकेत पैसे भरून खुर्ची घेणारी शेकडो मुले तेथे आहेत. त्यांना हवा असतो पंखा, उजेड आणि शांतता. अशा मुलाने ग्रंथालयाला नऊपैकी नऊ गुण दिले, तर ते ई-साधनांच्या खाती जमा करू नयेत.

राहिली भाषा. विकत घेतलेली नियतकालिके बव्हंशी इंग्रजीत असतात. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला लेख उघडला तरी वाचता येईल असे नाही. आणि तसे म्हणण्याची सोय प्रश्नावलीत क्वचितच असते. मराठीत मात्र पुष्कळसे फुकट उपलब्ध आहे. ‘शोधगंगा’वर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध आहेत, त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही की विद्यार्थीही असावे लागत नाही. येथे बसलेल्या कोणाही श्रोत्याला तो आज रात्री घरी उघडता येईल.

तेव्हा पुढच्या खेपेस प्रश्नावली छापताना ‘समाधानी आहात काय’ हा प्रश्न शेवटी टाकावा. पहिल्या ओळीत विचारावे : तुम्हांला पासवर्ड मिळाला आहे काय? दुसऱ्या ओळीत : तो कसा वापरायचा हे कोणी बसून दाखविले काय? आणि तिसरीत : गेल्या महिन्यात जो लेख हवा होता आणि मिळाला नाही, त्याचे नाव लिहा.