लहान अनुदान आणि कातळावरचा खेळ

प्रस्तरारोहण म्हणजे दोर, हार्नेस इत्यादी साधनांच्या साहाय्याने उभा कातळ शास्त्रशुद्ध रीतीने चढणे. मावळात राहणाऱ्यांना कातळाचे अप्रूप नाही. खंडाळ्याची नागफणी, जिला साहेबलोक ड्यूक्स नोज म्हणत, प्रस्तरारोहकांच्या चांगल्या परिचयाची आहे. कृत्रिम भिंतीवरील या खेळाची विश्वचषक स्पर्धा २०१६ साली नवी मुंबईत भरली. ती गिरिविहार या मुंबईच्या जुन्या संस्थेने भरविली होती. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. एवढे असूनही तळेगाव-चाकण पट्ट्यात पाळीची नोकरी करणाऱ्या कामगाराच्या मुला-मुलींना हा खेळ परका वाटतो. याचे मुख्य कारण साधनांची किंमत होय. ही अडचण जगात लहान अनुदानांच्या मार्गाने कशी दूर केली जाते आणि आपल्याकडे काय करता येईल, हे सभासद व विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहू. दोर, हार्नेस, हेल्मेट, बूट व कॅराबिनर एकट्याने घ्यावयाचे म्हटले तर सामान्य पगारदाराच्या घरखर्चाला मोठी खीळ बसते. शिवाय हा खर्च एकदाच करून भागत नाही. दोर न वापरता ठेवला तरी साधारण दहा वर्षांनी बाद करावा लागतो. नेहमीच्या वापरात किंवा मोठा झटका बसल्यास त्याच्या कितीतरी आधी. मात्र हीच साधने मंडळाच्या मालकीची असतील तर एकाच दोरावर वर्षभरात अनेक मुले शिकू शकतात. थोडी रक्कम पुष्कळांच्या कामी येते, ती अशी.

दुसरा खर्च सहसा नजरेस येत नाही. तो बोल्टचा. कातळात छिद्र पाडून त्यात धातूचा बोल्ट पक्का बसवितात आणि चढणाऱ्याचा दोर त्यात अडकवितात. हात सुटला तर जीव त्या बोल्टवर असतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात साधे पोलाद गंजते. बाहेरून ठीक दिसणारा बोल्ट दगडाच्या आत झिजलेला असू शकतो. असे जुने बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे नवे बसविण्याचे काम महाराष्ट्रातील प्रस्तरारोहकांनी ‘सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्ह’ या नावाने हाती घेतले. अमेरिकेत अशाच कामासाठी स्वयंसेवकांना बोल्ट पुरविणारी स्वतंत्र संस्था आहे. या कामाला ना प्रेक्षक, ना बक्षीस. त्यामुळे जाहिरातदार त्याकडे फिरकत नाहीत. अशा ठिकाणी लहान अनुदान प्राण वाचविते.

गिर्यारोहणाला पैसा पूर्वीही मिळत असे. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्यावर त्या मोहिमेतून मिळालेल्या पैशांतून ब्रिटनमध्ये माउंट एव्हरेस्ट फाउंडेशन उभे राहिले. ते दूरच्या पर्वतांवरील मोहिमांना अनुदान देते. परंतु मोहीम मोजक्या लोकांची असते. अलीकडे स्थानिक गटांकडेही लक्ष गेले आहे. ग्लोबल क्लाइंबिंग इनिशिएटिव्ह ही अमेरिकेतील संस्था निरनिराळ्या देशांतील अशा गटांना साहाय्य करते. मेक्सिकोतील मॉन्टेरे शहरात एस्कालांदो फ्रोंतेरास ही संस्था गुन्हेगारीच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना चढाई शिकविते. लेबनॉनमध्ये क्लाइंबएड ही संस्था ट्रकवर बांधलेली भिंत घेऊन निर्वासित मुलांपर्यंत जाते. या सर्वांत शिखरापेक्षा मुलांचे शिकणे महत्त्वाचे मानले आहे.

थोड्या-थोड्या दानातून मोठे काम उभे करणे आपल्या मावळाला नवे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर ते दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी धेनुकाकटचा यवन, कोणी आणखी कोठला. एकेकाने एकेक स्तंभ दिला आणि त्यांवर सारे चैत्यगृह उभे राहिले. दात्याचे नाव व दिलेली वस्तू स्पष्ट नोंदविलेली आहे, हेही ध्यानात घ्यावे. येथेच हेही सांगणे अवश्य आहे की कार्ला, भाजे व बेडसे ही संरक्षित स्मारके आहेत. तेथील दगडाला खिळासुद्धा लावता येत नाही. चढाईसाठी दुसरा कातळ निवडावा, आणि तो वनखात्याच्या हद्दीत असल्यास आधी परवानगी घ्यावी.

आता अर्ज कसा करावा ते पाहू. मागणी मोघम नसावी. किती मुला-मुलींना, कोणत्या महिन्यात, कोणाच्या देखरेखीखाली शिकविणार, हे लिहावे. प्रशिक्षित मार्गदर्शकाचा खर्च प्रथम धरावा. शिकविणारा नसेल तर नवा दोरही घातक ठरतो. साधनांची दरपत्रके जोडावीत. संस्थेच्या नावे बँकेत खाते असावे व ते दोघांच्या सहीने चालावे. प्रत्येक दोराची खरेदीची तारीख डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लिहावी, म्हणजे हिशेबही राहतो आणि तो दोर केव्हा बाद करावयाचा तेही कळते. काम संपल्यावर पावत्यांसह विनियोगाचा अहवाल न मागता पाठवावा. दुसरे अनुदान बहुधा पहिल्याच्या हिशेबावर मिळते.

परदेशी मदतीबाबत विशेष सावध राहावे. विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० प्रमाणे केंद्र सरकारची नोंदणी वा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला अशी रक्कम घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, आणि एका संस्थेने घेतलेली रक्कम दुसरीकडे वळविता येत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात मंडळासाठीची परदेशी रक्कम स्वतःच्या बचत खात्यात घेतली, तर चांगल्या कामापायी तो कायद्याच्या कचाट्यात सापडेल.

त्यापेक्षा जवळचा मार्ग आपल्या दाराशी आहे. कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, आणि आता प्रस्तरारोहण त्यात बसते. मात्र अशा कामासाठी कंपनीला नोंदणीकृत, तीन वर्षांचा अनुभव असलेली संस्था लागते. नुकत्याच जमलेल्या मुलांच्या गटाकडे तो अनुभव नसतो. तो आपल्यासारख्या जुन्या संस्थांकडे असतो.

म्हणून आमची सूचना अशी की, संस्थेने आपल्या छत्राखाली एक लहान साधनसंच ठेवण्याचा विचार करावा : दोन दोर, काही हार्नेस व हेल्मेट, एक रजिस्टर आणि एक जाणता मार्गदर्शक. त्यासाठी लागणारी रक्कम फार मोठी नाही. आपल्या वस्तीतील एखादी मुलगी दोर बांधून, कोणाचेही उसने न घेता, कातळावर पहिले पाऊल टाकील, तर ती रक्कम सत्कारणी लागली असे आम्ही समजू.