शेवटचं कडवं कापू नका!

‘कंट्री रोड्स’ आपल्याला तोंडपाठ असतं, पण वाडीतली जाखडी? अमेरिकेतलं कंट्री म्युझिक आणि आपले शाहीर यांची गोष्ट बरीचशी सारखी आहे. गाव सुटलेल्या माणसांची, आणि गाणी पुढे गेली तरी मागेच राहिलेल्या नावांची.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला येणारी कॉलेजची ट्रिप लांबूनच ओळखू येते. डावीकडे समुद्र, खिडकीतून बाहेर आलेले हात आणि बसमध्ये गिटार. अंताक्षरी संपली, सगळ्यांचे घसे बसले, की कुणीतरी हमखास जॉन डेन्व्हरचं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ सुरू करतं. मग ज्यांना इंग्लिश गाण्यांचं वावडं, तेसुद्धा कोरसमध्ये सामील!

आता यातली गंमत ऐका. १९७१ साली आलेलं हे गाणं डेन्व्हरने बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीबरोबर लिहिलं. गाण्यात गुणगान वेस्ट व्हर्जिनियाचं आहे. पण या जोडीने तोवर ते राज्य पाहिलंसुद्धा नव्हतं. गाणं सुचलं ते शेजारच्या मेरीलँडमधल्या एका रस्त्यावरून गाडीने जाताना. तरी लोकांना ते इतकं आपलंसं वाटलं, की २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्याला राज्याच्या अधिकृत गाण्यांत जागा दिली.

म्हणजे ज्या गावाला आपण गेलो नाही, त्याचीही आठवण येऊ शकते. मग ज्या गावात आपण वाढलो, तिथल्या गाण्यांचं काय? हा प्रश्न मला पडला तो एका रीलमुळे.

तीस सेकंदांचं रील

मी पुळ्याजवळच्या एका वाडीतली. आमच्याकडे गणपतीत जाखडी असते. मधोमध ढोलकीवाला, झांजवाले, शाहीर आणि त्यांचे साथीदार बसतात. त्यांच्याभोवती एका पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचतात. माझा चुलत भाऊ त्यातच. गेल्या वर्षी मी त्याचं रील केलं. बरोब्बर तीस सेकंद, ढोलकी चढते तिथपासून गोल फिरतो तिथपर्यंत. लाइक्स धडाधड आले. मुंबईतल्या चाकरमानी काका-मामांनी फॉरवर्ड केलं. मीही मोठ्या कौतुकाने वाडीतल्या म्हाताऱ्या शाहिरांना दाखवायला गेले. गाणं त्यांचंच होतं.

त्यांनी डोळे बारीक करून दोनदा पाहिलं. म्हणाले, “ब्येस हाय. पन शेवटचं कडवं कुटं गेलं?”

“आजोबा, रील तीस सेकंदांचंच असतं.”

“मंग गानं कुनाचं, ता कसं कळायचं?”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. शाहिरी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव येतं आणि मग रचणाऱ्याचं. तीच सही. ना कागद, ना शिक्का, ना रजिस्ट्रेशन. गाणं पन्नास वाड्यांत फिरलं तरी शेवटपर्यंत म्हटलं, की ते कुणाचं हे आपोआप कळतं. आणि मी नेमकी सहीच कापली होती.

नाव ठेवलं लोकांनी

जाखडीला ‘बाल्या नाच’ असंही म्हणतात. यामागची सांगितली जाणारी गोष्ट अशी: मुंबईत घरकाम करायला गेलेल्या कोकणी गड्यांच्या कानात बाळी असायची, म्हणून शहरातले लोक त्यांना ‘बाल्या’ म्हणायचे. हाक प्रेमाची कमी, हिणवणारी जास्त. तेच नाव नाचाला चिकटलं.

कंट्री म्युझिकचंही असंच झालं. सुरुवातीला या गाण्यांना ‘हिलबिली’ म्हणायचे. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी. ‘कंट्री’ हा जरा इज्जतीचा शब्द रूळला तो १९४० च्या दशकाच्या शेवटी. आज त्याच संगीताच्या नावावर नॅशव्हिल शहराची ओळख आहे, आणि बियॉन्सेने २०२४ मध्ये ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम काढून पुढच्याच वर्षी ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ पटकावला.

जाखडीच्या सामन्याला ‘शक्ती-तुरा’ म्हणतात. एक बाजू शक्तीची, म्हणजे कलगीवाल्यांची. दुसरी तुऱ्याची, म्हणजे शिवाला मोठं मानणाऱ्यांची. आधी गण, मग गौळण आणि नंतर सवाल-जवाब. एका शाहिराने पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे फोडायचं. आजच्या भाषेत रॅप बॅटल म्हणा. फक्त ती पहाटेपर्यंत चालते आणि हरणाऱ्याची आठवण पुढच्या गणपतीपर्यंत काढली जाते! हा खेळ चाकरमान्यांबरोबर मुंबईलाही गेला. गिरणगावात दिवसभर साच्यावर उभे राहणारे पाय रात्री चाळ बांधून नाचायचे.

टोपीच्या दुकानावरचा स्टुडिओ

आता जरा लांब जाऊ. साल १९२७, ब्रिस्टॉल नावाचं छोटं शहर. त्याचा मुख्य रस्ता म्हणजे दोन राज्यांची हद्द. एका फुटपाथवर टेनेसी, समोरच्या फुटपाथवर व्हर्जिनिया. व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन तिथे आला आणि टोप्यांच्या कंपनीच्या रिकाम्या इमारतीत त्याने स्टुडिओ थाटला. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या दिवसांत १९ गायक-गटांची ७६ गाणी ध्वनिमुद्रित झाली. पुढे या दिवसांना कंट्री म्युझिकचा ‘बिग बँग’ म्हटलं गेलं.

कारण त्या गर्दीत दोन नावं होती. पहिलं कार्टर फॅमिली: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि वहिनी मेबेल. मेबेल अवघी अठरा वर्षांची आणि गरोदर. तिने गिटारच्या जाड तारांवर चाल आणि बाकीच्यांवर ताल धरायची जी पद्धत रूढ केली, ती पुढच्या पिढ्यांनी गिरवली.

दुसरं नाव जिमी रॉजर्स. हा रेल्वेत ब्रेक्समन. क्षयाने नोकरी सुटली, तेव्हा गाण्याकडे वळला. रेल्वे, घरापासून दूर राहणं, खिशात पैसे नसणं हे त्याच्या गाण्यांचे विषय, आणि मध्येच गळ्यातून काढलेलं योडलिंग ही त्याची खूण. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटच्या रेकॉर्डिंगच्या वेळी तो इतका खचला होता, की स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकावी लागली. दोन गाण्यांच्या मध्ये तो तिच्यावर पडून दम घ्यायचा. त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला. वय ३५.

गाणी राहिली, नावं गेली

इथवरची गोष्ट कुठल्याही डॉक्युमेंटरीत सापडते. पण आजोबांच्या त्या प्रश्नानंतर मी ती पुन्हा वाचायला घेतली आणि माझं लक्ष वेगळ्याच माणसांकडे गेलं.

ए. पी. कार्टर डोंगरात घरोघर फिरून जुनी गाणी गोळा करायचा. शब्द तो उतरवून घ्यायचा. पण चाल कशी लक्षात ठेवायची? त्यासाठी बरोबर असायचा लेस्ली रिडल, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात पाय गमावलेला कृष्णवर्णीय गिटारवादक. रिडल चाल डोक्यात साठवायचा आणि घरी येऊन कार्टर मंडळींना शिकवायचा. रेकॉर्डवर मात्र नाव ए. पी. कार्टरचं. रिडलपर्यंत कुणी टेपरेकॉर्डर घेऊन पोचायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

हँक विल्यम्सचं नाव ऐकलं असेल. १ जानेवारी १९५३ ला कार्यक्रमाला जाताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर तो गेला, वयाच्या २९ व्या वर्षी. त्याला गिटार शिकवली ती रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या रुफस पेनने. ‘टी-टॉट’ म्हणायचे त्याला. हँकने त्याचं ऋण उघडपणे मान्य केलं होतं. पण हँक स्टार होण्याच्या दहा वर्षं आधी, १९३९ मध्ये, टी-टॉट गरिबीतच वारला होता.

आणि डीफोर्ड बेली! माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब वाजवणारा हा कलाकार ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाचा पहिल्या फळीतला स्टार. १९२७ मध्ये त्या कार्यक्रमाला हे नाव पडलं, तेही त्याच्याच वादनाच्या वेळी. दौऱ्यावर मात्र गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं आणि पुढची अनेक वर्षं त्याने नॅशव्हिलमध्येच बूट-पॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते २००५ मध्ये.

ज्या बँजोशिवाय कंट्री म्युझिकचं चित्र पूर्ण होत नाही, ते वाद्यसुद्धा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेलं. गाण्यांना शेवटचं कडवं नसलं, की असं होतं.

आपली मैना

आपल्याकडेही गाव सुटल्याचं सगळ्यात मोठं गाणं एका शाहिराचंच आहे. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले ते आई-वडिलांबरोबर पायी. शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबईत कोळसे वेचले, गिरणीत काम केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर ‘लाल बावटा कलापथक’ काढलं. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड वरवर पाहिली तर बायकोला गावी सोडून आलेल्या कामगाराची विरहकथा आहे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लोकांनी ती ऐकली तेव्हा मैना म्हणजे बेळगाव-कारवारचा महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूखही झाला. एकाच गाण्यात घर आणि राजकारण! १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, आणि त्यानंतर सहाच आठवड्यांत अमर शेख अपघातात गेले.

विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात रंगमंचावरच कोसळले. ‘जांभूळ आख्यान’ गाजवणारा हा शाहीर शेवटच्या क्षणीही लोकांसमोरच उभा होता. वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव, म्हणजे शाहीर साबळे, यांच्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं. आवाज सगळ्यांना माहीत. पण राजा बढे यांनी लिहिलं आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिली, हे आपल्यापैकी किती जणांना पटकन सांगता येईल?

ही मोठी नावं. वाडीवाडीतल्या शाहिरांचं काय? आमच्या आजोबांची गाणी तीन वह्यांत आहेत. एकीला वाळवी लागली. एक कुणीतरी ‘झेरॉक्स काढून देतो’ म्हणून नेली, ती परत आली नाही. तिसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेली आहे. त्यांच्या गुरूची गाणी तर वहीतही नाहीत, फक्त यांच्या तोंडात. आणि आजोबांचं वय आहे ८१.

हे माहितीये का?

- किशोरकुमारच्या योडलिंगचं मूळ जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या रेकॉर्ड्समध्ये आहे. म्हणजे ब्रिस्टॉलचा आवाज आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकतोय!
- जिमी रॉजर्सच्या ‘ब्लू योडेल नं. ९’मध्ये ट्रम्पेट वाजवलंय लुई आर्मस्ट्राँगने.
- डॉली पार्टन १२ भावंडांतली चौथी. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरची फी म्हणून वडिलांनी पिठाचं पोतं दिलं होतं.
- ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणं डॉलीचं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने अर्धे हक्क मागितले. डॉलीने नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि हक्क सांभाळल्याचं सोनं झालं.
- गणपतीपुळ्याला लागूनच असलेलं मालगुंड हे कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं स्मारक तिथे आहे. पुढच्या ट्रिपमध्ये बीचवरून परतताना नक्की थांबा.

मशीन तुमच्या खिशात आहे

राल्फ पीअरला मशीन घेऊन ब्रिस्टॉलला जावं लागलं. आपल्याला कुठेच जायचं नाही. गणपतीत, शिमग्यात आपण गावी असतोच, आणि त्याच्यापेक्षा भारी मशीन आपल्या खिशात असतं. मग एवढं करू शकतो. रील करा, बिनधास्त करा; पण आधी अख्खं गाणं एकदा रेकॉर्ड करून ठेवा. शाहिरांना विचारा: रचना कुणाची, गुरू कोण, ढोलकीवर कोण, पहिल्यांदा कधी म्हटलं? कॅप्शनमध्ये ते लिहा. ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. बऱ्याचदा त्या शब्दाखाली एखादा रिडल गाडला गेलेला असतो. आणि पोस्ट करण्याआधी त्यांना विचारा. गाणं त्यांचं आहे.

मी ते रील काढलं नाही. आणखी एक टाकलं, फक्त शेवटच्या कडव्याचं. लाइक्स पहिल्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. पण शेजारच्या गावातल्या एका मुलाची कमेंट आली, की त्या कडव्यात ज्या गुरूचं नाव आहे, ते त्याचे पणजोबा. त्याच्या घरी त्यांची एक वही आहे म्हणे.

येत्या रविवारी आम्ही दोघं आजोबांना घेऊन ती बघायला जाणार आहोत. फोन फुल्ल चार्ज करून ठेवलाय.