स्मृती आणि जनुकांवरील खुणा

बालपणी एकदा घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलेला मनुष्य साठाव्या वर्षीही तेथून दिसणाऱ्या खाडीचे वर्णन करू शकतो. वस्तुतः त्या दिवशी त्याच्या मज्जापेशींत असलेली बहुतेक प्रथिने काही दिवसांत वा आठवड्यांत नाहीशी होऊन त्यांची जागा नव्या प्रथिनांनी घेतलेली असते. मग स्मृती टिकते कशी? हा प्रश्न फ्रान्सिस क्रिक ह्यांनी १९८४ मध्ये उपस्थित केला. त्याचे एक उत्तर अधिजनुकीय, म्हणजेच एपिजेनेटिक, बदलांत शोधले जाते. अशा बदलांत जनुकाचा मूळ पाठ अबाधित राहतो; परंतु डीएनएवर, किंवा तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर, मेथिल वा ॲसिटिल गट जोडले अथवा काढले जाऊन जनुकाचे कार्य मंदावते किंवा वाढते.

ह्या विषयावर मुंबईतच झालेले एक संशोधन विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावे असे आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. विदिता वैद्य व त्यांचे सहकारी ह्यांनी उंदरांच्या पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तारुण्यात ह्या प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित अशा मेंदूच्या भागात, बीडीएनएफ ह्या मज्जापोषक प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले. नव्या मज्जापेशीही अधिक निर्माण होत होत्या. पाण्याखाली दडविलेला चौथरा शोधण्याच्या कसोटीत तर हे प्राणी सरस ठरले! मध्यमवयात मात्र सारेच उलटले. बीडीएनएफ जनुकाच्या एका आरंभस्थानी हिस्टोनांवर असलेल्या दमनकारी मेथिल खुणा तारुण्यात घटल्या होत्या, त्या आता वाढल्या, स्मृतीही खालावली.

केवळ तरुण प्राणी तपासून प्रयोग थांबविला असता, तर बालपणीचा ताण हितकारक असल्याचा विपरीत निष्कर्ष पदरी पडला असता. कोणत्या वयात मोजमाप केले, ह्या प्रश्नाला आपल्या प्रबंधांतून सहसा एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

दुसरी अडचण ऊतीची. हिप्पोकॅम्पसचा तुकडा एकत्र कुटून मोजमाप केल्यास मज्जापेशी व आधारपेशी सरमिसळ होतात. एखाद्या विशिष्ट स्मृतीत प्रत्यक्ष सहभागी होणाऱ्या पेशी तर त्यांत थोड्याच असतात. शिवाय खूण आणि स्मृती एकत्र बदलल्या, एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी नेमक्या पेशीतील नेमक्या जनुकावरची खूणच मुद्दाम बदलून पाहावी लागते. डीएनए न कापणाऱ्या, रूपांतरित कॅस-९ प्रथिनाच्या साहाय्याने हे आता शक्य झाले आहे.