आईवडिलांचा कित्ता
(ख्रिस्ती कुटुंब : लेखांक ६)

कौटुंबिक प्रार्थनेचा विचार आपण गेल्या आठवड्यात केला. प्रार्थना संपल्यावर घरात जे चालते, त्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हा आजचा विषय. रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर बसणारे वडील सोमवारी उधारी मागायला आलेल्या माणसाला ‘बाबा घरात नाहीत’ असे मुलाकडून सांगवतात, तेव्हा मूल दोन्ही धडे घेते, पण पक्का होतो तो दुसरा. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा आधी मोठ्यांनी स्वतःच्या हृदयात ठेवायच्या आहेत. मुलांच्या मनावर त्या बिंबवणे नंतर येते. हा क्रम उलटून चालत नाही.

याचा दाखला आपल्या नगरलाच सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त वडिलांचे विलक्षण कडक सोवळे वर्णिले आहे, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतले जाई. त्या वळणाचा पगडा केवढा! १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी सुरुवातीला त्यांनी आपले अन्नपाणी वेगळेच ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. अखेर माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच पटले. त्यांनी तो मोडला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. वडिलांचा धीर आणि आईचे बदलणे, दोन्ही मुलगा देवदत्त याच्या बालपणी घडले. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला. आईबापांनी मनापासून धरलेले काम मुलाने आपले मानले.

यावर कोणी म्हणेल, सज्जनांची मुलेही बिघडतात. खरे आहे. शमुवेलासारख्या संदेष्ट्याचे पुत्र लाच खाऊ लागले, आणि यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे ज्याचा तो आपल्या वागण्याला जबाबदार आहे. म्हणून वाट चुकलेल्या मुलाच्या आईबापांना दोष देत सुटणे अन्यायाचे होईल. पण लक्ष्मीबाईंचे उदाहरण दोन्ही बाजू दाखवते: घरचे वळण खोल रुजते, तरीही माणूस त्याचा कायमचा कैदी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: आम्हीच चुकतो, मग मुलांना काय दाखवणार? त्याचे उत्तर पश्चात्तापात आहे. याजक एलीने आपल्या बिघडलेल्या मुलांना तोंडी समज दिली, पण आवरले नाही. घरात काहीच बदलले नाही. चूक कबूल करून वागणे सुधारणारा बाप मुलांच्या नजरेतून उतरत नाही. उलट क्षमा ही प्रवचनापुरती गोष्ट नाही, हे त्यांना घरातच कळते.

तेव्हा आईबापांकडून निर्दोषपणाची अपेक्षा नाही, खरेपणाची आहे. मुलासमोर खोटे बोललो असू, तर त्याच्यासमोरच ते मान्य करावे आणि ज्याला फसवले त्याचे देणे फेडावे. आईवडील कामासाठी दूर असतात तेव्हा हा भार आजीआजोबांवर येतो. तीमथ्याची आजी लोईस हिच्या निमित्ताने त्याचा विचार पुढील लेखांकात करू.