बाटलीतील केळबाग

तापीच्या खोऱ्यात, जळगाव जिल्ह्याच्या रावेर आणि यावल तालुक्यांत, सडकेच्या दोन्ही अंगांना केळीच्या ज्या अखंड बागा दृष्टीस पडतात, त्यांतील पुष्कळशा झाडांचे शैशव काचेच्या बाटलीत, गाळलेल्या हवेत आणि मोजून दिलेल्या प्रकाशात गेलेले असते, हे वाटेने जाणाऱ्याला सांगूनही खरे वाटणार नाही.

खाण्याच्या केळीला रुजणारे बी नसते. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे बीजधारणेचा मार्गच खुंटलेला, आणि म्हणून कंदाला फुटणारे मुनवे काढून लावणे हाच पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता होता. पण मुनव्याबरोबर सूत्रकृमी, सोंडकिडा आणि विषाणू हेही बिनबोभाट शेजारच्या शिवारात दाखल होत. शिवाय मुनवे लहानमोठ्या वयाचे असल्याने एक झाड आज निसवे, म्हणजे घड बाहेर टाकी, तर दुसरे दोन महिन्यांनी. १९९०च्या दशकात भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कारखान्याने ‘ग्रँड नैन’ या वाणाची ऊतिसंवर्धित रोपे आणली आणि शेतकऱ्यांच्या तोंडी ‘जी-नाइन’ झालेल्या या वाणाने, ठिबक सिंचनाच्या साहाय्याने, जुन्या बसराईला पुष्कळ ठिकाणी मागे सारले. कंदाच्या बागेला जिथे सुमारे दीड वर्ष लागे, तिथे अकरा-बारा महिन्यांत घड उतरू लागले.

ऊतींच्या तुकड्यापासून बाटलीत रोप वाढविण्याच्या या विद्येची कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. तिला व्यवहारात उतरवणारे पोषकद्रव्य मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींवर प्रयोग करून १९६२ साली प्रसिद्ध केले. क्षार, जीवनसत्त्वे, साखर आणि घट्टपणासाठी ‘अगर’ नावाचा पदार्थ एवढ्या सामग्रीचा तो मिश्रपाक आजही बहुतेक प्रयोगशाळांत शिजतो. भरघोस घडाच्या, निरोगी मातृवृक्षाचा मुनवा आणून, त्याचे सोपट थरामागून थर सोलीत, आतला काही मिलिमीटरांचा अंकुर तेवढा ठेवतात. तो जंतुनाशकाने धुऊन बाटलीत बसवितात. पंचवीस अंशांच्या आसपासच्या खोलीत, दिवसाचे सोळा तास दिव्यांखाली, सायटोकायनिन या संप्रेरकाच्या प्रभावाने त्या एका अंकुराचे अनेक होतात. दर तीनचार आठवड्यांनी चाकू-चिमट्याने त्यांची विभागणी करायची, ती निर्जंतुक हवेच्या झोताखाली तासन्‌तास बसून. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, आणि माझ्या मते या साऱ्या यंत्रसामग्रीत सर्वाधिक मोलाचा भाग त्यांचे हातच होत.

परंतु या कलेची खरी परीक्षा थांबण्यात आहे. विभागणीगणिक रोपांत विकृतीची शक्यता वाढत जाते. एखादे खुजे निघते, एखाद्याची पाने चट्ट्यापट्ट्यांची होतात, आणि तोवर ते रोप विकले गेलेले असते. म्हणून सचोटीचा कारखाना एका अंकुराच्या सातआठ विभागण्यांनंतर हात आवरतो. लोभी मनुष्य आणखी एक फेरी काढतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली अशा रोपांसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था सुरू केली, तिचा मुख्य बंदोबस्त विषाणूंच्या तपासणीचा आणि रोपांच्या शुद्धतेचा आहे.

केळीला साधलेल्या या बाटलीच्या दरबारात आंबा मात्र अजून हजर होत नाही. त्याचा तुकडा बाटलीत ठेवताच त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये काळी पडून सारे पोषकद्रव्य नासवितात. तेव्हा हापूसची लागवड कोकणात आजही कलमांवरच चालते.

बाटलीतून निघालेल्या केळीच्या रोपाची पाने कोवळी, मेणाच्या लेपावाचून असतात. म्हणून प्रथम दमट हरितगृहात, मग सावलीच्या जाळीखाली पिशवीत, असे काही आठवडे त्याला कणखर करून मगच ते मृगबागेला (पावसाळ्याच्या आरंभीच्या लागवडीला) किंवा कांदेबागेला (पावसाळा सरतानाच्या लागवडीला) पाठवितात. तिथे मावा किडीने आणलेल्या हरण्या या विषाणूजन्य रोगापासून प्रयोगशाळेची शुद्धता त्याला वाचवू शकत नाही. उलट ही कोवळी रोपे त्या रोगाला लवकर बळी पडतात. त्यावर औषध नाही. शेजारी काकडीवर्गीय पिके न घेणे, तण व मावा आवरणे, आणि रोगट रोप दिसताच ते समूळ उपटून पुरून टाकणे, एवढाच इलाज शेतकऱ्याच्या हाती उरतो.