बेलवलकरांचा निर्णय

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (1970) या नाटकात गणपतराव बेलवलकर आपली सारी मिळकत मुलगा आणि मुलगी यांना वाटून टाकतात, आणि पुढचा सर्व विनाश या एका निवडीतून उलगडत जातो. शेक्सपिअरचा लिअर राजा राज्य वाटताना मुलींकडून प्रेमाची ग्वाही मागतो व शंभर सरदार स्वतःपाशी राखतो. बेलवलकर मात्र काहीच मागत नाहीत, काहीच राखत नाहीत, आणि हा फरक फार मोलाचा आहे. पात्राची निवड समजून घेताना त्याची प्रेरणा, म्हणजे कृतीमागची आंतरिक ओढ, शोधावी लागते. इथे ती भोळेपणाची कमी आणि रंगभूमीवर आयुष्यभर राजाच्या थाटात वावरलेल्या नटाच्या दातृत्वाची अधिक आहे. अॅरिस्टॉटलने शोकनायकाच्या अशा पाऊल चुकण्याला ‘हॅमार्शिया’ म्हटले, ज्याचा अर्थ दुष्टपणा नव्हे, तर चूक. म्हणूनच मुलांना खलनायक ठरवून थांबणारे वाचन अपुरे राहते. लेकीच्या घरी चोरीचा आळ येताच बेलवलकर तिथून निघून जातात, तेव्हा निवारा आणि स्वाभिमान यांतील दुसरी निवडही त्यांचीच असते.